कोल्हापुरी पोटाची अब्रू

कोल्हापूरचा माणूस आपलं कुठलंही दुखणं चारचौघांत सांगतो. गुडघ्याची वाटी बदलली, छातीत दोन स्टेंट बसवले, साखर तीनशेच्या पुढं गेली, हे सगळं तालमीच्या कट्ट्यावर चहाबरोबर निघतं आणि सांगताना आवाजात थोडी ऐटही असते. एक दुखणं मात्र तो कधी कबूल करत नाही. पोट बिघडलंय असं तो म्हणणार नाही. ‘जरा कसंतरी हुतंय’, ‘प्रवासाचा शीण हाय’, ‘विमानातला एसी बाधला’ इथवर मजल जाते, त्याच्या पलीकडं नाही. कारण या गावात पोटाला अब्रू आहे. तांबड्या रश्श्याच्या वाट्या मोजायच्या नसतात, मिसळीवर कट मागून घ्यायचा असतो, आणि शेजारच्या टेबलावर पुण्याचा पाहुणा नाक पुसत बसला असेल तर त्याच्याकडं दयेनं बघायचं असतं. अशा पोटाला परदेशात कुणीतरी, तेही डोळ्यांना न दिसणाऱ्यानं, चितपट केलं हे कुठल्या तोंडानं सांगायचं? माझं म्हणणं एवढंच आहे की बँकॉकहून किंवा बालीहून आलेल्या कोल्हापूरकराचं पोट आठवडेच्या आठवडे ताळ्यावर येत नाही, याचा सगळा दोष तिकडच्या पाण्यावर टाकणं अन्यायाचं आहे. जंतू तिकडचे असतील, दुखण्याची मुदत मात्र आपण इथं वाढवून घेतो.

आता परदेशी जाणं काही फार मोठी गोष्ट राहिलेली नाही. हनिमूनला थायलंड, पोरांच्या सुट्टीत दुबई, निवृत्तीनंतर युरोप, आणि या सगळ्यांच्या वर सहकारी संस्थांचे अभ्यास दौरे. अभ्यास दौऱ्यात नेमका कशाचा अभ्यास झाला याचा अहवाल सभासदांपुढं क्वचितच येतो, पण पोटाचा अहवाल संचालकांना रोज सकाळी मिळत असतो. वैद्यकशास्त्र या दुखण्याकडं फार भावनाविवश होऊन बघत नाही. प्रवासातले जुलाब बहुतेक वेळा ई-कोलाय, कॅम्पिलोबॅक्टर अशा जिवाणूंमुळं होतात आणि तीन ते पाच दिवसांत आपोआप थांबतात. मोजक्या लोकांचे दोन आठवड्यांच्या पुढं जातात. मग शोधायचं असतं ते वेगळंच काहीतरी. जिआर्डिया नावाचा एक परजीवी आहे. डच माणूस लेव्हेनहूक यानं तो १६८१ साली स्वतःच्याच जुलाबात, स्वतःच्याच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला; विज्ञानासाठी माणसं काय काय करतात! हा जिआर्डिया पोटात गेल्यावर एक-दोन आठवडे गप्प बसतो आणि माणूस घरी येऊन बॅगा रिकाम्या करून झाल्यावर कामाला लागतो. पोट फुगतं, कुजक्या अंड्याच्या वासाचे ढेकर येतात. १९७० च्या दशकात लेनिनग्राड बघून आलेले पाश्चात्त्य पर्यटक नळाच्या पाण्यातून नेमकं हेच घेऊन घरी गेले होते. म्हणजे राजवाडे, संग्रहालयं आणि रुंद रस्ते असले की पाणीही तसंच असेल, हा समज तेव्हाही खोटा होता.

पण खरी गंमत पुढं आहे. कधीकधी जंतू निघून जातो, तपासणीत काही सापडत नाही, आणि तरीही पोट आपलं गुरगुरतच राहतं. २००० सालच्या मे महिन्यात कॅनडातल्या वॉकरटन या छोट्या शेतकरी गावात पावसाच्या पाण्याबरोबर गुरांचं शेण विहिरीत उतरलं आणि नळाच्या पाण्यातून गावभर गेलं. सुमारे २,३०० लोक आजारी पडले, ७ दगावले. डॉक्टरांनी त्या गावाचा पिच्छा नंतर आठ वर्षं सोडला नाही. तेव्हा जे आजारी पडले होते त्यांच्यातल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना दोन-तीन वर्षांनीही पोटात कळ, कधी जुलाब, कधी मलावरोध असा त्रास चालूच होता. आठ वर्षांनी त्यातला बराचसा त्रास ओसरला होता. सर्वसाधारण हिशेब असा की आतड्याच्या जोरदार संसर्गानंतर दहातल्या एकाला हा लोंबता त्रास होतो. आतड्यातल्या नसा हळव्या झालेल्या असतात, साध्या वायूलाही त्या कळ समजतात. वऱ्हाड जेवून आपापल्या गावी गेलेलं असतं, पण मांडववाल्याचा कर्णा बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं. हा कर्णा कशानं लांबतो? दुखणं मुळात किती जोराचं होतं यानं, चिंतेनं, आणि हळव्या आतड्याला पुन्हापुन्हा डिवचल्यानं. पहिल्या गोष्टीवर आपला इलाज नाही. पुढच्या दोन्हींची सोय कोल्हापुरात घरपोच आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. ‘आमचं पोट तिखटानं तयार झालंय, लेका. आमच्या पोटात जंतू जगंल व्हय?’ या वाक्यात मिरचीला जंतुनाशकाचा दर्जा दिलेला आहे. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं काम असं की ते नसांवरच्या एका विशिष्ट ग्राहकाला जाऊन चिकटतं. तोच ग्राहक उष्णतेचा चटका ओळखतो, म्हणून तिखट खाल्ल्यावर आग झाल्याचं जाणवतं. हा ग्राहक १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं शोधला आणि २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं. (मिरचीवर नोबेल मिळतं हे आधी कळलं असतं तर ते शाहूपुरीतच कुठंतरी राहिलं असतं.) लहानपणापासून तिखट खाणाऱ्याच्या या नसा मरगळतात, त्यामुळं त्याला झणका कमी लागतो. बस, एवढंच. सवय नसांना झालेली असते, कॅम्पिलोबॅक्टरला त्याची काही माहिती नसते. उलट संसर्गानंतर नेमक्या याच नसा पुन्हा जाग्या होऊन बसतात. म्हणजे ज्या तयारीच्या जोरावर आपण पैज लावत होतो, ती तयारीच आजारानं काढून घेतलेली असते आणि आपण जुन्या हिशेबावर कट मागत असतो. जाता जाता, ज्या मिरचीवर हा सगळा डोलारा उभा आहे तीसुद्धा अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजानं आलेली पाहुणी. तिला मात्र इथलं पाणी बाधलं नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण त्यात थोडं शास्त्र आहे. ‘पंचगंगेचं पाणी पिऊन वाढलोय आम्ही.’ लहानपणापासून विशिष्ट जंतूंशी गाठ पडत राहिली की त्यांच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होते हे खरं आहे. ज्या गल्लीत आपण बिनघोर पाणीपुरी खातो तिथंच अमेरिकेतून आलेला पुतण्या दुसऱ्या दिवशी आडवा होतो, तो याचमुळं. त्या पुतण्याची आपण मनसोक्त थट्टाही करतो. पण ही शक्ती ओळखीच्या जंतूंपुरती असते. पंचगंगेच्या जंतूंशी झालेला तह बँकॉकच्या चाओ फ्राया नदीच्या जंतूंना बंधनकारक नाही. आणि पंचगंगा तरी आपल्याला सोडते कुठं? २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ आली आणि माणसं गेली. ती सगळी याच नदीच्या काठावर वाढलेली होती. शिवाय प्रतिकारशक्तीचा हा युक्तिवाद आता तसाही जुना होत चाललाय. वर्षानुवर्षं मोर्चे, निवडणुका आणि आश्वासनं यांतून वाहत आलेलं काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी अखेर २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास शहरात पोचलं. पुढच्या पिढीनं पंचगंगेचं नाव सांगून छाती काढायची असेल तर आधी प्रयाग चिखलीला जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागेल.

पोटाला दर्जा, घराणं, देश काही कळत नाही याचा एक फार चांगला पुरावा कोल्हापूरच्याच इतिहासाच्या कडेला पडलेला आहे. १९०२ म्हटलं की आपल्याला २६ जुलैचा पन्नास टक्के आरक्षणाचा जाहीरनामा आठवतो. तो निघाला तेव्हा राजर्षी शाहू महाराज विलायतेत होते, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या निमित्तानं. त्याच सोहळ्याला जयपूरचे महाराज दुसरे सवाई माधोसिंह गेले ते गंगाजलानं भरलेले चांदीचे अजस्र हंडे घेऊन. एकेका हंड्यात चार हजार लिटरहून जास्त पाणी मावतं. आजही ते जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये बघायला मिळतात आणि बघणारा आधी हंड्याकडं आणि मग स्वतःच्या बिसलेरीच्या बाटलीकडं बघतो. परक्या मुलखाच्या पाण्याचा थेंबही नको, हा त्यामागचा निश्चय. साऱ्या साम्राज्यातून राजेरजवाडे लंडनला जमले, पाणी बदललं ते या बाकीच्या सगळ्यांचं. आणि २६ जूनचा सोहळा दोन दिवसांवर आला असताना पोट कुणाचं बिघडलं? खुद्द राजाचं, स्वतःच्या घरात, स्वतःच्या नळाच्या पाण्यावर. अपेंडिक्सपाशी गळू झालेलं होतं. एडवर्ड आधी ऐकायलाच तयार नव्हता असं सांगतात. सगळं जग गोळा झालेलं असताना पोटाचं कारण कसं सांगायचं, हा पेच त्यालाही पडला असणार. शेवटी २४ जूनला सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी राजवाड्यातच ऑपरेशन केलं, सोहळा ९ ऑगस्टपर्यंत पुढं गेला आणि राजा बरा झाला. ज्याच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्यानं पोटापुढं तारीख बदलली. आपण रविवारचं मटण पुढं ढकलत नाही.

हे मटणच बघा. परदेशाहून माणूस येतो तेव्हा घरच्यांचा ठाम समज असतो की त्याला तिकडं उपाशी ठेवलेलं होतं. त्याच्या बॅगेत कांदा-लसूण चटणीची अर्धी पिशवी शिल्लक असली तरी हा समज ढळत नाही. त्यामुळं उजळाईवाडीच्या विमानतळावरून घरी येईपर्यंत रस्सा चुलीवर असतो. पाहुण्यानं हळूच ‘तांबडा नको’ म्हटलं की लगेच पांढरा पुढं येतो. पांढऱ्या रश्श्याविषयी कोल्हापुरात एक मोठी गैरसमजूत आहे, ती अशी की जे पांढरं ते पथ्याचं. मटणाचं आळणी, नारळाचं दूध, खसखस, काजू आणि वर तूप, असा हा स्निग्ध ऐवज बिघडलेल्या आतड्यात पोचला की त्याला रंगावरून कोण सवलत देणार? ‘पांढरा हाय की, तिखट कुठं हाय?’ हे वाक्य आजवर किती पोटांना महागात पडलं असेल. त्यातूनही सावरलेल्या माणसाला संध्याकाळी मित्र गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेतात. म्हशीचं धारोष्ण दूध, डोळ्यांदेखत काढलेलं, वर फेस. एरवी या दुधासारखं सुख नाही. पण आतड्याच्या संसर्गात दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज काही आठवड्यांपुरतं आटतं. पाव लिटर दुधात ही साखर सुमारे १२ ग्रॅम असते. ती न पचता मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू तिचा वायू करतात, आणि पैलवानांच्या आहारावर वाढलेला गडी रात्रभर खोलीत येरझाऱ्या घालतो. सकाळी निदान होतं ते मात्र बँकॉकचंच.

मग सल्लागार जमतात. आजी जायफळ उगाळते, काकू ओवा चावायला देतात, शेजारी बेलाचा मुरंबा सुचवतात. हे सगळे निरुपद्रवी, काही तर खरोखर गुणाचेही. मावशींना मूळ कारण ठाऊक असतं: ‘एवढे फोटो टाकायची काय गरज हुती? नजर लागली.’ मग मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या जातात. गल्लीतला जाणकार मात्र थेट औषधाच्या दुकानात नेतो, आणि तिथं नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडॅझोल यांची जोडगोळी चिठ्ठीशिवाय हातात पडते. थायलंडमधले बहुतेक कॅम्पिलोबॅक्टर नॉरफ्लॉक्सासिनच्या जातीच्या औषधांना कधीचेच भीक घालत नाहीत. तेव्हा गोळी तिकडच्या गुन्हेगाराला सोडून इथल्या सज्जन जिवाणूंना झोडपते, आणि सज्जन गेल्यावर पोटात काय होतं ते वेगळं सांगायला नको. वास्तविक दोन आठवड्यांवर गेलेल्या दुखण्यात पहिली गोष्ट करायची ती शौचाच्या तपासणीची. ती कोल्हापुरात कुणी करत नाही, कारण तिच्यासाठी एक छोटी पांढरी डबी घेऊन शहर ओलांडावं लागतं. ती डबी आधी कागदात, कागद काळ्या पिशवीत, काळी पिशवी साडीच्या दुकानाच्या पिशवीत आणि ती स्कूटरच्या डिकीत जाते. रस्त्यात चार ओळखीचे भेटतात, त्यातला एक हमखास विचारतो, ‘काय आणलंस रं दुबईवरनं?’ लॅबच्या खिडकीशी बसलेली मुलगी नेमकी भाचीची वर्गमैत्रीण निघते आणि खणखणीत आवाजात नाव, वय, नमुना कशाचा ते विचारते. त्यात जिआर्डिया रोज सापडतोच असं नाही, म्हणून डॉक्टर वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने मागतात. अब्रूची अशी तीन वेळा मिरवणूक काढण्यापेक्षा माणूस महिनाभर गुपचूप पोट धरून बसणं पसंत करतो. त्या एका डबीत आठवड्याच्या औषधात संपणारं दुखणं असण्याची शक्यता असते, हे त्याला कोण सांगणार?

शेवटचा आक्षेप दुःखाचा आहे, म्हणून तो जरा हळुवार घ्यायला हवा. ‘मग काय आता आयुष्यभर दहीभात खायचा? त्यापेक्षा सांगलीला राहायला गेलेलं काय वाईट?’ असं कुणीही म्हटलेलं नाही. उलट या बाबतीत शास्त्र कोल्हापूरच्या बाजूनं झुकण्याची थोडी चिन्हं आहेत. इटलीतल्या बोलोन्यात अशाच हळव्या आतड्याच्या रुग्णांना काही आठवडे लाल मिरचीच्या पुडीच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या. काही जण पोटदुखीनं मधेच सोडून गेले, पण टिकले त्यांचं दुखणं कमी झालं. नसा हळूहळू पुन्हा मरगळल्या असाव्यात. अभ्यास लहानसा आहे, त्यावर लगेच फलक रंगवू नयेत. आणि त्या लोकांनी कॅप्सूल घेतल्या होत्या, कटाची किटली नाही. आधी पेज, मऊ भात, ताक सोसेल तसं, अंगातलं पाणी गेलं असेल तर मीठ-साखरेचं पाणी. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी याच साध्या पाण्यावर कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवले; आपल्याकडं ते ‘लहान पोरांचं’ म्हणून बाजूला सारलं जातं. मग हळूहळू फोडणीची आमटी, मग भाकरीबरोबर थोडी चटणी, आणि शेवटी मिसळ. घाई केली की पुन्हा पेजेपासून सुरुवात.

शौचात रक्त, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा वजन उतरणं यांतलं काहीही दिसलं की डॉक्टरकडं धावावं. यातलं शेवटचं लक्षण कोल्हापुरात फार धोक्याचं ठरतं, कारण इथं त्याचं कौतुक होतं. ‘काय बारीक झालास भावा! जिम लावलीस व्हय?’ असं महाद्वार रोडवर दोघा-तिघांनी म्हटल्यावर कुठला माणूस डॉक्टरकडं जाईल? म्हणून लोकांच्या अब्रूला धक्का न लावता त्यांच्या आतड्याला महिनाभर विश्रांती मिळेल अशी एखादी वाट हवी. ‘पोट बिघडलंय’ म्हणून मटण नाकारलं तर चर्चा होते, ‘माळ घातलीया’ म्हटलं तर नमस्कार होतो. पण पोटासाठी माळ घालणं जरा जास्त झालं. त्यापेक्षा श्रावण बरा. श्रावणात आख्खं शहर एकदम सौम्य होतं, मटणाचा आग्रह कुणी करत नाही, आणि आतड्याला लॅक्टेज जमवायला जेवढा वेळ लागतो साधारण तेवढीच त्या महिन्याची मुदत असते. तेव्हा टूरवाल्याकडं तारखा ठरवताना विमानाचं भाडं नंतर बघावं, आधी कालनिर्णय उघडावं आणि परतीचं तिकीट आषाढाच्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीचं काढावं. अमावास्येचं तेवढं चुकवायचं, कारण त्या दिवशी गावात जे शिजतं त्यापुढं बँकॉकचं पाणी काहीच नाही. आणि श्रावणी सोमवारी कुणी प्रेमानं उपवासाची मिसळ पुढं केली, साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याची आमटी, वर बटाट्याचा तळलेला चिवडा आणि बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा, तर सरळ सांगायचं की आपला आज निर्जळी आहे.